पोराला नाद लागला

दर आठवड्याला या सदरासाठी मला दोन रकाने मिळतात आणि त्यांत एखाद्या शब्दाची खोडी काढण्यापलीकडे फारसे काही साधत नाही. दिवाळी अंकासाठी संपादकांनी हात सैल सोडला आहे. तेव्हा या खेपेस एका शब्दाची आणि एका मुलाची, अशी दोघांची हकीकत सांगतो. शब्द तुमच्या घरातला आहे. मुलगाही, गाव बदलले तर, तुमच्याच घरातला निघण्याचा संभव आहे.

शब्द आहे 'नाद'. देवळातल्या घंटेचा असतो तो नाद. योग्याला ध्यानात ऐकू येतो तो अनाहत नाद. गवई तर त्याला ब्रह्मच म्हणतात. आणि हाच शब्द उंबरठा ओलांडून घरात आला, की त्याचे वाक्य होते, "पोराला नाद लागला हो!" मग आई डोळ्यांना पदर लावते आणि वडील वर्तमानपत्र घडी घालून बाजूला ठेवतात. पत्त्यांचा नाद, नाटकाचा नाद, कबुतरांचा नाद. नादिष्ट म्हणजे संसाराला कुचकामाचा. नादी लागणे म्हणजे बिघडणे. कोल्हापूरकरांनी 'नादखुळा' म्हणून या शब्दाची थोडीफार इभ्रत राखली आहे, एवढेच. एकाच शब्दात ब्रह्म आणि बिघाड असे शेजारी शेजारी कसे राहतात, हा प्रश्न मी वर्गात मुलांना विचारीत असे. उत्तर मलाही येत नसे. पण मास्तराला प्रश्न विचारण्याचा पगार मिळतो.

याच्या जोडीला आणखी एक शब्दप्रयोग आपण सढळ हाताने वापरतो. 'देवाची देणगी'. गळा गोड असला की देवाची देणगी, अक्षर वळणदार असले की देवाची देणगी. आपण देवाला देणगी दिली तर देवस्थानचा कारकून पावती फाडतो. रक्कम, तारीख, कशाप्रीत्यर्थ, सगळे तिच्यावर असते. देवाने आपल्याला दिलेल्या देणगीची पावती मात्र कुणाजवळ नसते. काय दिले आणि कशासाठी दिले, याचा पत्ता बहुतेकांना लागतो तो निम्मे आयुष्य उलटल्यावर. तोवर बापाने फी भरलेली असते.

आता मुलगा. तो माझ्या थोरल्या भावाचा. दादा सोलापूरला बँकेत असतो. मुलगा बारावी झाला तेव्हा इंजिनिअरिंगसाठी दादाने त्याला पुण्याला माझ्याकडे ठेवले. दोन वर्षे तो कॉलेजात गेला. विषय राहिले, मग आणखी विषय राहिले, आणि एके दिवशी कॉलेजही राहिले. मग सहा महिने वाणिज्य शाखा. ती चालू असतानाच तो रात्रीचा एका नाटकमंडळीबरोबर ध्वनियंत्रणा सांभाळू लागला. पहाटे तीनला कडी वाजायची आणि आमची ही उठून दार उघडायची. वर्षभर ते चालले. आणि एका सकाळी, चहाच्या कपाकडे बघत, तो मला म्हणाला, "काका, मी मिरजेला जातोय. तंबोरे करायला शिकायचंय."

मी काय म्हणालो, ते आठवत नाही. काय केले नाही, ते मात्र पक्के आठवते. मी दादाला कळवले नाही. मुलानेच सांगावे, मध्ये आपण कोण, असे मी स्वतःला समजावीत होतो. खरे कारण असे, की दादाला मी लहानपणापासून भितो. दोन महिन्यांनी त्याला बाहेरून कळले. "तुझ्याकडे विश्वासानं ठेवला होता," एवढेच तो फोनवर म्हणाला. त्यानंतर आठ महिने आमचे बोलणे नव्हते.

गेल्या वर्षी वसुबारसेला त्याचा फोन आला. भाऊबीजेला येतो म्हणाला. मुलगाही मिरजेहून येणार होता. "सारखी धरसोड चाललीय त्याची. तू मास्तर आहेस, चार गोष्टी सांग त्याला. माझ्याच्यानं आता होत नाही." शेवटचे वाक्य त्याने ज्या आवाजात उच्चारले, तो आवाज माझ्या ओळखीचा नव्हता.

चार गोष्टी सांगायच्या म्हणजे उदाहरण हवे. मी शोधू लागलो आणि 'धरसोड' या शब्दानेच मला एका गृहस्थापाशी नेऊन सोडले. त्यांचे नाव क्षणभर बाजूला ठेवू. आपल्या नात्यातला एक मुलगा आहे असे समजा, आणि लग्नाच्या पंगतीत आत्याबाई त्याची हकीकत सांगत आहेत.

त्र्यंबकेश्वरचे शास्त्र्यांचे घराणे. वडील संस्कृतचे पंडित. मुलगा पौरोहित्य करील, निदान शिकवील, ही अपेक्षा. हा १८८५ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रे काढायला गेला. तिथून भावाबरोबर बडोद्याला, कलाभवनात. तिथे रंगकाम झाले, नमुने घडवणे झाले. एका औद्योगिक प्रदर्शनात आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती करून सुवर्णपदकही मिळवले. बरे, आता त्यातच राहावे? नाही. फोटोग्राफीचा नाद लागला. गोध्र्याला जाऊन छायाचित्रकाराचा धंदा थाटला. तिथे प्लेगने बायको आणि मूल नेले. परत बडोद्याला. तिथे लोकांची समजूत अशी, की कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतो, गिऱ्हाईक येईना. मग नाटकांचे पडदे रंगवले. मग एका परदेशी जादूगाराकडून जादू शिकला आणि स्वतःचे आडनाव उलटे करून 'प्रोफेसर केळफा' या नावाने प्रयोग करू लागला. दुसरे लग्न झाले, तेव्हा सरकारी नोकरी धरली, पुराणवस्तू खात्यात नकाशे आणि छायाचित्रे काढण्याची. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. तीन वर्षांत तीही सोडली. लोणावळ्याला छापखाना काढला, तो पुढे दादरला आणला. रंगीत छपाईची यंत्रे बघायला १९०९ साली जर्मनीला जाऊन आला. छापखाना भरभराटीला आला, तर भागीदारांशी पटेना. पदरात काही न घेता हा बाहेर पडला. वय चाळीस. घरात बायको, मुले. काम नाही.

आत्याबाईंनी इथे सुस्कारा टाकून जिलबी मागितली असती, आणि त्यांचे काही चुकले असते असे मला वाटत नाही. त्या वेळी त्या माणसाकडे पाहून 'हा वाया गेला' याखेरीज कोणता निष्कर्ष निघू शकत होता? मी स्वतः तोच काढला असता.

केळफा उलटे वाचले की फाळके. धुंडिराज गोविंद, आपले दादासाहेब. छापखाना सुटल्यानंतरच्या त्या रिकाम्या दिवसांत त्यांनी मुंबईच्या एका तंबूत ख्रिस्ताच्या चरित्राचा चित्रपट पाहिला. पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे, की पडद्यावर ख्रिस्त सरकत होता आणि मनःचक्षूंपुढे कृष्ण, राम, गोकुळ, अयोध्या दिसत होती. आपले देव पडद्यावर दिसतील का, हा एकच ध्यास त्यांना लागला. तोच चित्रपट दाखवायला ते बायकोला घेऊन गेले. मग मिळतील तेवढे चित्रपट बघायचे आणि घरी यंत्रांशी झटापट करायची. झोप गेली, डोळ्यांनी दगा दिला. काही काळ दिसेनासे झाले. उपचारांनी आणि निरनिराळ्या चष्म्यांनी ते निभावले. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून फेब्रुवारी १९१२ मध्ये ते विलायतेला गेले, कॅमेरा विकत घेतला, माहिती घेतली आणि एप्रिलमध्ये परतले. भांडवल देणाऱ्यांना पटावे म्हणून त्यांनी आधी काय केले, तर कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याची वाढ रोज थोडी थोडी चित्रित केली. एक मिनिटाच्या आसपासचा तो चित्रपट. पडद्यावर बघता बघता बी फुटून वेल झाला. बापाला समजावायला यापेक्षा चांगला दृष्टांत मला तरी सुचला नसता.

पण माझे लक्ष वेधून घेतले ते निराळ्याच गोष्टीने. चित्रपट काढायचा म्हणजे त्या काळी एका माणसाला काय काय यावे लागत होते? पडदे आणि महाल रंगवायचे. ते बडोद्याला झाले होते. कॅमेरा हाताळायचा, ते गोध्र्याला झाले होते. फिल्म रसायनात धुवायची आणि छापायची. ते छापखान्यात झाले होते. देव अदृश्य करायचे, ज्वाळांतून माणूस काढायचा. ते प्रोफेसर केळफांना येत होते. जुनी देवळे, जुनी वेशभूषा, पुराणवस्तू खाते. हरिश्चंद्राची कथा, वडिलांची पोथी. ज्या ज्या पायरीवर लोकांनी कपाळाला हात लावला होता, ती प्रत्येक पायरी त्याच जिन्याची होती. आणि त्या जिन्याचे वैशिष्ट्य असे, की तो चढणाऱ्यालाही दिसत नव्हता. जिन्याच्या टोकाचे दालनच या देशात अजून बांधलेले नव्हते. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रगृहात लोकांसमोर आला. फाळके त्रेचाळीस वर्षांचे होते. हा आकडा मी दोनदा तपासला. कारण उघड आहे, माझे वयही त्याच्याच आसपास आहे.

एवढे वाचून झाल्यावर मला वाटले, दादाला सांगायला छान गोष्ट मिळाली. रात्री मी ती हिला ऐकवली. ही चकल्या तळत होती. सगळे ऐकून घेतल्यावर तिने विचारले, "आणि त्या सगळ्या माणसांचं जेवण कोण करत होतं?"

प्रश्न बिनतोड होता. जेवण सरस्वतीबाई करीत होत्या. दादरच्या त्या बंगल्यात चित्रीकरण चाले, तेव्हा साठसत्तर माणसांचा स्वयंपाक त्या बाईने एकटीने रांधला. दिवसा उन्हात पांढरी चादर धरून प्रकाश पात्रांच्या तोंडावर पाडायचा, कपडे धुवायचे, आणि रात्री अंधाऱ्या खोलीत बसून फिल्मला भोके पाडायची. दागिने आधीच गेलेले होते. तारामतीच्या कामाला बाई मिळेना म्हणून ग्रँट रोडवरच्या उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंके नावाच्या पोराला लुगडे नेसवले, हे आपण कौतुकाने सांगतो. पण ती भोके पाडणारी बाई चित्रपटात कुठे दिसत नाही. दादासाहेबांच्या नावाचा सन्मान १९६९ पासून दिला जातो आणि तो योग्यच आहे. सरस्वतीबाईंना कसली देणगी होती, हे विचारायला कुणाला सवड झाली नाही. भोके पाडण्याचीच होती असे तर कुणी म्हणणार नाही.

"म्हणजे एकाला नाद लागला, की दुसऱ्यानं पहाटे तीनला उठून दार उघडायचं," ही म्हणाली, आणि झारा निथळत ठेवला.

गोष्टीचा पुढचा भागही मी दादापासून लपवायचा नाही असे ठरवले. एकदा लपवून झाले होते. १९१७ चे 'लंकादहन' तुफान चालले. मग नाशिकला भागीदारीत कंपनी निघाली, पुन्हा भागीदारांशी बिनसले, फाळके रुसून काशीला जाऊन बसले, नाटक लिहिले, परत आले. १९३१ साली चित्रपट बोलू लागला आणि हा मुक्या चित्रांचा जादूगार मागे पडला. 'गंगावतरण' हा त्यांचा एकुलता बोलपट १९३७ चा. १९४४ च्या फेब्रुवारीत नाशिकला ते गेले, तेव्हा त्यांनी उभ्या केलेल्या धंद्याला त्यांची फारशी आठवण उरली नव्हती. देवाने हाक मारली आणि माणसाने ओ दिली, की पुढची सोय देव बघतो, असे आपण मुलांना सांगतो. फाळक्यांच्या घरी तसे झाले नाही.

मग उदाहरण देऊन उपयोग काय? त्यातून तर प्रत्येक उडाणटप्पूला निमित्त मिळेल. 'फाळक्यांनीही सोडलेच होते,' असे म्हणून उद्या माझ्याच वर्गातली दहा पोरे परीक्षेला दांडी मारतील. यावर मी दोन दिवस विचार केला आणि मला एवढेच सापडले, की फाळक्यांनी धंदे सोडले, पण एकही विद्या सोडली नाही. जादू सोडली तरी हातचलाखी हातात राहिली. नोकरी सोडली तरी डोळा शाबूत राहिला. आपल्या मुलाने काय काय सोडले, हे आपण मोजून ठेवतो. निघताना त्याने काय उचलून घेतले, ते बघायला पाहिजे. ते मी माझ्या पुतण्याच्या बाबतीत पाहिले नव्हते. दादानेही नव्हते.

मिरजेबद्दल दोन शब्द. तिथला तंबोऱ्याचा आणि सतारीचा धंदा एकोणिसाव्या शतकात सुरू झाला तो हत्यारे घडवणाऱ्या, त्यांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या हातून. तलवारींचे दिवस संपले, पण पात्यावर हलके हाताने कानस फिरवण्याचे कसब बोटांत शिल्लक होते. ते तंबोऱ्याच्या घोडीवर उतरले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पूर्वजांनी हत्यारे सोडली म्हणून त्यांच्या घरी कुणी कपाळाला हात लावला होता की नाही, कुणास ठाऊक.

भाऊबीजेला सकाळी मुलगा आला. हाताला पॉलिशचा वास आणि नखांत काळे. दुपारी दादा आला. दोघे एकमेकांना "बरा आहेस?" "हो" एवढे म्हणाले आणि फराळाच्या ताटल्यांकडे बघत बसले. माझी चार गोष्टींची तयारी घशात अडकली. वर्गात साठ मुलांसमोर न अडखळणारा मी, घरातल्या दोन माणसांसमोर चिवड्यातले शेंगदाणे वेचीत होतो.

सुटका आईने केली. ती आतून म्हणाली, "अरे, तू ते शिकतोयस ना? मग माझा बघ की जरा."

आईचा तंबोरा आमच्या घरात कपाटामागे उभा असतो. लग्नापूर्वी ती गाणे शिकत होती. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षाही दिल्या होत्या. लग्नात तो तंबोरा तिच्याबरोबर आला आणि गवसणीतच राहिला. आम्ही भावंडांनी तो लपाछपीत आडोसा म्हणून वापरला. आई गात का नाही, हे आम्ही कधी विचारल्याचे मला आठवत नाही. हिचा परवाचा प्रश्न माझ्या डोक्यात होता, म्हणून की काय, त्या क्षणी मला आईकडे बघवेना.

मुलाने गवसणी काढली, भोपळ्यावरून हात फिरवला, टिचकी मारून ऐकले. कुठे भेग नाही, म्हणाला. जुन्या तारा काढून त्याने पिशवीतल्या नव्या चढवल्या आणि एक छेडली. आवाज आला तो लाकडावर काठी मारल्यासारखा. "जवारी गेलीय, आजी," तो म्हणाला. मग त्याने मला समजावून सांगितले, आणि मी प्रथमच त्याचे पूर्ण ऐकून घेतले. तार घोडीवर नुसती टेकलेली असून भागत नाही. घोडीच्या माथ्याला अगदी अंधूक उतार द्यावा लागतो. तार थरथरताना त्या उताराला पुन्हा पुन्हा शिवते, तेव्हा आवाज खुला होतो, त्यातून वरचे स्वर फुटतात. तारांनी खाचा पाडल्या की तो उतार जातो. केसाएवढे जास्त घासले तरी घोडी वाया. "मोजता येत नाही. कानानंच कळतं."

"पण कानस धरायला कुठे शिकलास?" मी विचारले.

"इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. वर्कशॉपमध्ये. तेवढाच विषय सुटला होता."

दादाने मान वर केली.

"आणि कान?"

"नाटकात. रिकाम्या थिएटरात आवाज कसा येतो आणि भरल्या थिएटरात कसा, हे रोज ऐकत होतो ना."

वाणिज्य शाखेतल्या सहा महिन्यांचे काय झाले ते मात्र त्याने सांगितले नाही, आणि मीही ताणले नाही.

तो कानस घेऊन बसला. दोनदा घासायचा, तार छेडायचा, मान वाकडी करून ऐकायचा, तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा, पुन्हा घासायचा. बाहेर पोरे लवंगी फटाक्यांच्या माळा लावीत होती. एक माळ संपेपर्यंत तो हात उचलून थांबे. तास गेला, दीड तास गेला. तंबोरा सतरंजीवर आडवा होता आणि घासताना सरकत होता. काही न बोलता दादा खुर्चीवरून उतरला, मांडी घालून बसला आणि त्याने दोन्ही हातांनी भोपळा धरला. बँकेत सही करणारे हात. त्यांना भोपळा कसा धरतात ते माहीत नव्हते.

"बाबा, तबकडीवर बोटं नका ठेवू. आवाज दबतो."

दादाने बोटे काढली.

संध्याकाळी कधीतरी षड्ज लागला. खोलीत एकदम कुणीतरी आल्यासारखे वाटले. आई दारात उभी होती, ती हळूहळू भिंतीला धरून खाली बसली. तिने तंबोरा उभा करून मांडीशी घेतला. बोटे थोडी चुकली, मग सापडली. ती गायली नाही. नुसत्या तारा छेडीत राहिली, बराच वेळ.

जेवणे झाल्यावर दादाने त्याला विचारले, "महिन्याला देतात किती तिथं?" मुलाने आकडा सांगितला. आकडा लहान होता. दादा काही बोलला नाही. सकाळी निघताना मात्र त्याने मला विचारले, मिरजेची गाडी सोलापूरहून थेट आहे का, की कुर्डुवाडीला बदलावी लागते.